यंत्राचा आवाज आणि शब्दाची जबाबदारी

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पोलंडमधील क्राकूव्ह शहरात सार्वजनिक मालकीचे एक प्रादेशिक नभोवाणी केंद्र आहे. रेडिओ क्राकूव्ह हे त्याचे नाव. या केंद्राची ‘ऑफ रेडिओ क्राकूव्ह’ नावाची एक लहान वाहिनी कला, संगीत आणि तरुणांचे प्रश्न यांना वाहिलेली होती. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी ती नव्या रूपात सुरू झाली, तेव्हा तिच्या मायक्रोफोनसमोर एकही माणूस नव्हता. एमिलिया, याकुब आणि अ‍ॅलेक्स अशी नावे धारण केलेले तीन आवाज होते. त्यांची वये, त्यांचे शिक्षण, त्यांच्या आवडीनिवडी, इतकेच काय पण त्यांची छायाचित्रेही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने घडविलेली होती. या वाहिनीसाठी काम करणाऱ्या सुमारे डझनभर पत्रकारांचे काम त्यापूर्वी काही आठवडे थांबविण्यात आले होते.

त्या पत्रकारांपैकी मातेउश देम्स्की यांनी लगेच एक खुले पत्र प्रसिद्ध केले. देम्स्की हे चित्रपट समीक्षकही आहेत. युद्धातून पळून आलेल्या युक्रेनी माणसांच्या मुलाखती त्यांनी याच वाहिनीसाठी घेतल्या होत्या. त्यांच्या पत्रातील तक्रार स्वतःच्या गेलेल्या कामापुरती नव्हती. अनुभवी माणसांना दूर सारून त्यांच्या जागी यंत्र बसविण्याचा पायंडा जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनेच पाडावा, यात सर्वांनाच धोका आहे असे त्यांचे म्हणणे होते. अवघ्या दोन दिवसांत पंधरा हजारांहून अधिक लोकांनी त्यांच्या निवेदनावर सह्या केल्या. पोलंडचे डिजिटल व्यवहार मंत्री क्शिश्तोफ गाव्कोव्स्की डाव्या पक्षाचे आणि या तंत्रज्ञानाचे पुरस्कर्ते; त्यांनीही मर्यादा ओलांडल्या जात असल्याचे जाहीरपणे म्हटले. तीन महिने चालावयाचा हा प्रयोग सुमारे आठवड्याभरात गुंडाळण्यात आला.

केंद्राचे प्रमुख मार्चिन पुलित यांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पत्रकारांना यंत्रामुळे काढले नव्हते. वाहिनीला श्रोते जवळजवळ उरलेच नव्हते आणि मुख्य वाहिनीवरील मजकुराचीच पुनरावृत्ती तेथे होत होती, म्हणून ते काम थांबले. यंत्राचा प्रयोग पुढे त्या रिकाम्या जागेत केला गेला, आणि त्याचा हेतू समाजात चर्चा घडवून आणण्याचा होता. चर्चा घडली, याबद्दल वाद नाही. परंतु या खुलाशातच एक कबुली दडलेली आहे. ज्या वाहिनीला श्रोता उरला नव्हता, तिला श्रोता का उरला नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही. जागा रिकामी करण्यात आली आणि मग ती रिकामी आहे म्हणून तेथे यंत्र आणून बसविण्यात आले. गिरणी आजारी पडू द्यावयाची, आणि मग आजारी आहे म्हणून तिची जमीन मोकळी करावयाची, हा क्रम मुंबईच्या गिरणगावाने पाहिलेला आहे. त्यामुळे मराठी श्रोत्याला क्राकूव्हची ही गोष्ट फारशी परकी वाटू नये.

कृत्रिम बुद्धिमत्ता नभोवाणीच्या निवेदकाची जागा घेऊ शकेल काय, असा प्रश्न आता सर्वत्र विचारला जात आहे. त्याचे उत्तर देताना बहुतेक लोक यंत्राच्या आवाजाची परीक्षा घेत बसतात. आवाजात ऊब आहे काय, श्वास कोठे घेतला, हसू खरे वाटते काय, जोडाक्षर अडखळले काय, अशी ही परीक्षा असते. ही परीक्षा यंत्र आज ना उद्या उत्तीर्ण होणार आहे. काही भाषांत ते झालेलेही आहे. तेव्हा माणसाच्या बाजूचा सारा युक्तिवाद आवाजाच्या गोडव्यावर उभा करणे म्हणजे वाळूवर घर बांधणे होय. निवेदक म्हणजे आवाज, हे समीकरणच मुळात मालकांनी तयार केलेले आहे. निवेदक म्हणजे बोललेल्या शब्दाला जबाबदार असलेले माणूस. यंत्र बोलते, पण ते कोणालाही बांधलेले नसते. ते चुकले तर त्याला जाब विचारता येत नाही, आणि न पटणारे वाक्य वाचण्यास ते नकारही देत नाही. विचार करावयाचा तो या अंगाने.

क्राकूव्हच्याच उदाहरणाकडे पुन्हा पाहू. नव्या वाहिनीच्या आरंभीच्या कार्यक्रमांत कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची ‘मुलाखत’ प्रसारित झाली. शिंबोर्स्का यांना १९९६ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि २०१२ मध्ये याच क्राकूव्ह शहरात त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये यंत्राने घडविलेल्या निवेदिकेने यंत्राने घडविलेल्या शिंबोर्स्कांना त्या वर्षीच्या नोबेल पारितोषिकाविषयी विचारले आणि यंत्राने उत्तर दिले. कवयित्रीच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानची त्यास संमती होती. कवयित्रीला विनोदाचे वावडे नव्हते, तिला गंमतच वाटली असती, असे त्याच्या प्रमुखांचे मत पडले. वाटलीही असती. मृतांशी संवाद ही साहित्याला नवी गोष्ट नाही. स्वर्गात भेटलेल्या संतांचे आणि राजांचे संवाद मराठी लेखकांनीही लिहिले आहेत. परंतु तशा संवादाखाली लेखकाची सही असते. तुकोबांच्या तोंडी एखाद्याने भलतेसलते वाक्य घातले तर वाचक त्या लेखकाला धरतो. त्याला पत्रे लिहितो, सभेत उभे करून विचारतो. क्राकूव्हच्या मुलाखतीत प्रश्न विचारणारी बाई अस्तित्वात नव्हती आणि उत्तर देणारी बाई हयात नव्हती. मग त्या मतांचा धनी कोण? संगणकावर सूचना टाइप करणारा तंत्रज्ञ, केंद्राचे प्रमुख, की दूर देशातील ती कंपनी, जिने हे यंत्र भाड्याने दिले?

अ‍ॅलेक्सची गोष्ट याहून बोलकी आहे. लैंगिक ओळखीच्या आणि अल्पसंख्य गटांच्या प्रश्नांत रस असलेली व्यक्ती, असे या पात्राचे वर्णन केंद्राने केले होते. ज्या समाजगटाला पोलंडमध्ये गेल्या दशकात सत्ताधाऱ्यांचा उघड द्वेष सोसावा लागला, त्या गटाच्या नावाने बोलण्यासाठी एक असे पात्र निर्माण केले गेले की ज्याला कधी कोणी रस्त्यात हटकले नाही, ज्याला कोणी घराबाहेर काढले नाही. त्या गटातील खरी माणसे शहरात होतीच. काही तर मायक्रोफोनपासून फार दूरही नसतील. दलितांच्या नावाने, शेतमजुरांच्या नावाने, भटक्यांच्या नावाने असे एखादे पात्र उद्या महाराष्ट्रात घडविले गेले तर त्याचा आवाज कदाचित फार गोड असेल. आणि त्या आवाजाला मानधनही द्यावे लागणार नाही.

क्राकूव्हच्या लोकांनी निदान एक गोष्ट प्रामाणिकपणे केली. निवेदक यंत्राचे आहेत हे त्यांनी आधीच सांगितले, म्हणूनच विरोध उभा राहू शकला. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ‘काडा’ या केंद्राने तेही केले नाही. थाय नावाची एक तरुणी आठवड्याचे पाच दिवस रोज चार तास तेथे गाण्यांचा कार्यक्रम सादर करीत असे. सुमारे सहा महिने हा कार्यक्रम चालला. एप्रिल २०२५ मध्ये एका पत्रकार स्त्रीने चौकशी लावून धरली, तेव्हा उलगडले की ही तरुणी कोठेच नाही. केंद्राच्या मालक कंपनीच्या हिशेब विभागात काम करणाऱ्या एका व्यक्तीच्या आवाजावरून तो आवाज तयार केलेला होता. श्रोत्यांना हे सांगण्याचे बंधन तेथील नियमांत तेव्हा नव्हते. सहा महिन्यांत कोणाच्याच लक्षात आले नाही, हा यंत्राच्या यशाचा पुरावा म्हणून सांगितला गेला. खरे पाहता तो पुरावा त्या कार्यक्रमाविषयी आहे. चार तासांच्या ज्या कार्यक्रमात सहा महिन्यांत श्रोता आणि निवेदक यांची एकदाही खरी गाठ पडण्याचा प्रसंग येत नाही, त्या कार्यक्रमातील माणूस यंत्र येण्यापूर्वीच नाहीसा झालेला होता.

तो कसा नाहीसा झाला, याचा इतिहास अमेरिकेत स्पष्ट दिसतो. १९९६ पर्यंत तेथे एका कंपनीने देशभरात किती नभोवाणी केंद्रे बाळगावीत यावर मर्यादा होती. ती सुमारे चाळीस केंद्रांची होती. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने ती मर्यादा उठविली आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीच्या ताब्यात बाराशेच्या वर केंद्रे आली. इतकी केंद्रे माणसांनी चालवावयाची तर नफा कोठून राहणार? तेव्हा एका शहरात बसलेला निवेदक दुसऱ्या आठ-दहा शहरांसाठी आधीच बोलून ठेवू लागला. ज्या गावात त्याने कधी पाऊल ठेवले नाही, तेथील चौकांची नावे तो कागदावरून वाचीत असे आणि तेथला श्रोता त्याला आपला गाववाला समजत असे. त्या निवेदकाच्या जागी आज यंत्र आले तर श्रोत्याचे नवे नुकसान काय होणार, याचे उत्तर देणे अवघड आहे. नुकसान आधीच होऊन गेलेले आहे.

ते केवढे असू शकते हे नॉर्थ डकोटा राज्यातील मायनॉट या गावाने पाहिले. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर, कडाक्याच्या थंडीत, गावाजवळ मालगाडी रुळांवरून घसरली आणि टाक्यांतील अमोनिया वायू गावावर पसरला. एक माणूस मृत्युमुखी पडला, शेकडो लोकांना इजा झाली. दारे-खिडक्या बंद करून घरातच राहा, एवढे एक वाक्य गावाला तातडीने सांगावयाचे होते. गावातील सहाही व्यापारी नभोवाणी केंद्रे क्लिअर चॅनेलच्या मालकीची होती. पोलिसांनी दूरध्वनी केले, उत्तर मिळेना. या घटनेविषयी नंतर बराच वाद झाला. कंपनीचे म्हणणे असे की केंद्रावर माणूस हजर होता, लोकांच्या दूरध्वनींनी तारा तुंबल्या होत्या, आणि आणीबाणीची सूचना देणारी यंत्रणा पोलिसांनीच नीट बसविलेली नव्हती. हे सारे खरे धरले तरी सहा केंद्रांवर मिळून त्या रात्री किती माणसे जागी होती, हा प्रश्न राहतोच. स्वयंचलित यंत्रे मात्र नेमून दिलेल्या क्रमाने रात्रभर गाणी वाजवीत होती. त्यांच्या कामात काहीही खंड पडला नाही.

मायनॉटच्या रात्री जे नव्हते ते काय, हे महाराष्ट्रातील एका जुन्या प्रयोगाकडे पाहिले की चांगले उमगते. दुर्दैवाने त्या प्रयोगाची आठवण आता फारशी कोणी काढीत नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या नभोवाणी-मंडळांवरून घेतलेली होती. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या-अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. मंडळातील माणसे एकत्र जमून कार्यक्रम ऐकत आणि रेडिओ बंद झाल्यावर खरी बैठक सुरू होई. ऐकलेल्यापैकी काय पटले, काय आपल्या जमिनीला लागू नाही, याची चर्चा होई. मंडळाचा निमंत्रक ती टिपून प्रश्नांसह पुण्याला पाठवी. आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्या प्रश्नांना उत्तर मिळे.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. त्या पाहणीचे काम पाहणारे पॉल नॉयराथ हे मूळचे ऑस्ट्रियाचे; नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून वाचलेले समाजशास्त्रज्ञ. एकाच आवाजाने सारा देश भारून टाकण्यासाठी रेडिओचा कसा वापर होतो, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. त्यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते. काहींत रेडिओच नव्हता. मंडळांच्या गावांत लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती त्या मानाने फार थोडी होती. म्हणजे आवाज तोच, मजकूर तोच, आणि तरीही फरक पडला. जो फरक पडला तो ऐकणाऱ्यांना उलट बोलता येण्याने, आणि ते उलट बोलणे पलीकडे कोणीतरी वाचीत होते याने. संध्याकाळी पाटीपेन्सिलीचीही ओळख नसलेला म्हातारा बैठकीत म्हणू शकत होता की पुण्याच्या साहेबांना आमच्या खडकाळ रानाची माहिती दिसत नाही, आणि ते वाक्य पुण्यापर्यंत पोहोचत होते.

जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांनी १९३२ मध्येच नभोवाणीविषयी असा विचार मांडला होता की हे साधन केवळ वाटप करणारे न ठेवता देवाणघेवाण करणारे केले पाहिजे. ऐकणाऱ्याला बोलतेही केले पाहिजे. जर्मनीत दुसऱ्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि त्या विचाराची काय वाट लागली हे सर्वांस ठाऊक आहे. पुण्याच्या प्रयोगाचा पुढे १९५९ पासून देशभर विस्तार झाला खरा, पण कागदावरची मंडळे वाढत गेली आणि बैठकी मंदावल्या. सरकारी योजनांचे असे होतेच.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. माणूस मायक्रोफोनसमोर असला म्हणजे सत्य बोलले जाते, असे कोणी सांगितले? २६ जून १९७५ च्या सकाळी आकाशवाणीवरून देशाने पंतप्रधान इंदिरा गांधींच्या तोंडून आणीबाणीची घोषणा ऐकली, आणि त्यानंतरचे एकवीस महिने आकाशवाणीच्या जिवंत, हाडामांसाच्या निवेदकांनी हाती दिलेला कागदच वाचला. तुरुंगात किती लोक आहेत हे त्या आवाजांनी सांगितले नाही. किशोरकुमारांची गाणी सरकारच्या रागापायी आकाशवाणीवरून नाहीशी झाली, तेव्हा त्याचे कारणही कोणा निवेदकाने दिले नाही. खरी बातमी हवी असलेला माणूस रात्री दार लावून बीबीसी ऐके. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. निवेदकाचे नोकरदार असणे आणि सरकारचे मालक असणे, एवढ्याने माणसाचे यंत्र होऊ शकते. त्यासाठी संगणक लागत नाही.

परंतु याच्या उलट बाजूचाही एक दाखला आहे. २१ ऑगस्ट १९६८ रोजी वॉर्सा करारातील राष्ट्रांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. प्राग नभोवाणीच्या इमारतीभोवती निःशस्त्र नागरिकांनी अडथळे उभे केले आणि तेथे अनेकजण ठार झाले. इमारत सैन्याच्या ताब्यात गेल्यावरही नभोवाणीची माणसे ठिकठिकाणच्या गुप्त जागांतून कित्येक दिवस बोलत राहिली. आक्रमकांनी त्याच वेळी पूर्व जर्मनीतून ‘व्ल्टावा’ नावाचे एक केंद्र सुरू केले. ते आपलेच असल्याचे भासवून चेक आणि स्लोव्हाक भाषांत बातम्या देत असे. लोक फसले नाहीत. त्या केंद्रावरील चेक भाषा मोडकीतोडकी होती, उच्चार परके होते. आणि खऱ्या केंद्रावरचे आवाज लोकांच्या वर्षानुवर्षांच्या परिचयाचे होते. गुप्त जागेतून बोलणारा निवेदक प्राण पणाला लावून बोलतो आहे, हे ऐकणाऱ्याला कळत होते. त्या बोलण्याचे वजन त्यातूनच आले होते.

आज ‘व्ल्टावा’ केंद्र काढावयाचे झाले तर उच्चार मोडके असण्याचे कारण नाही. लोकांच्या ओळखीचाच आवाज, त्याच लकबीसह, काही मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून तयार करता येतो. १९६८ मध्ये श्रोत्याच्या कानाने जे संरक्षण दिले, ते यापुढे कान देऊ शकणार नाही. हा आवाज कोणाचा, तो कोठून येतो, त्याच्यामागे कोण उभे आहे, हे सांगणारी व्यवस्थाच उभी करावी लागेल. नव्या यंत्राने निवेदकाला अनावश्यक केले असे म्हणणाऱ्यांनी या बाजूचा विचार केलेला दिसत नाही. ज्याला श्रोत्याने प्रत्यक्ष पाहिले आहे, ज्याच्या दाराशी जाऊन विचारता येते, अशा माणसाची गरज बनावट आवाजांच्या काळात वाढते.

यंत्राला सरसकट नकार देण्याचा मार्ग मात्र चुकीचा ठरेल. कामगार चळवळीने यंत्राशी केलेली प्रत्येक आंधळी लढाई हरलेली आहे. बाजारभाव वाचून दाखविणे, भरती-ओहोटीच्या वेळा, गाड्यांची वेळापत्रके, धरणातील पाण्याची पातळी, ही कामे यंत्राने केली तर निवेदकाने त्याबद्दल अश्रू ढाळू नयेत. दूरदर्शनच्या किसान वाहिनीने मे २०२४ मध्ये क्रिश आणि भूमी हे दोन यांत्रिक वृत्तनिवेदक आणले. ते पन्नास भाषांत बोलू शकतात असे सांगण्यात आले. पन्नास भाषांत हवामानाचा अंदाज मिळत असेल तर त्यात वाईट काही नाही. पण पाऊस अंदाजाप्रमाणे पडला नाही आणि दुबार पेरणी करावी लागली, तर पन्नासपैकी एका तरी भाषेत त्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी आहे काय? १९५६ मध्ये एक भाषा होती आणि निमंत्रकाचे पत्र होते.

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड येथे २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक केंद्र चालते. तेलंगणात पस्तापूरच्या परिसरात त्याच वर्षी सुरू झालेला संघम रेडिओ तर दलित स्त्रियांनी चालविलेला आहे. या केंद्रांवर बोलणारी बाई श्रोत्यांना बाजारात भेटते. तिने चुकीचे सांगितले तर संध्याकाळपर्यंत तिला ते ऐकून घ्यावे लागते. अशा केंद्रांजवळ पैसा नसतो. म्हणून त्यांना स्वस्त यांत्रिक निवेदकाचा मोह घालणारे विक्रेते त्यांच्याही दारात येतील. पैशाअभावी जिवंत माणूस परवडत नाही अशी स्थिती आली, तर दोष त्या केंद्राचा नव्हे. जाहिराती आणि अनुदान यांवर त्याला जखडून ठेवणाऱ्या धोरणाचा आहे. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. तरीही खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी आजवर मिळालेली नाही. आकाशवाणीच्याच बातम्या त्यांना जशाच्या तशा ऐकवता येतात. त्यामुळे त्या केंद्रांवरील निवेदकाच्या वाट्याला थट्टामस्करी आणि जाहिराती एवढेच उरले. ज्याला गावच्या मोर्चाची बातमी सांगण्याची मुभा नाही, त्याच्या जागी यंत्र बसविणे मालकाला सोपे आहे. सरकारने निवेदकाचे काम आधीच इतके लहान करून ठेवलेले आहे.

सार्वजनिक केंद्रांची स्थितीही अभिमान बाळगावा अशी नाही. आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचा भार वर्षानुवर्षे नैमित्तिक उद्घोषकांनी वाहिला आहे. महिन्याला जास्तीत जास्त सहा पाळ्या, त्या पाळीपुरते मानधन, आणि कायम होण्याची आशा न्यायालयाच्या तारखांवर टांगलेली, असे हे जीवन आहे. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय प्रसारभारतीने घेतला होता. लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी ओरड केल्यावर मंत्र्यांना त्यास स्थगिती द्यावी लागली. तेथे यंत्राचा प्रश्नच नव्हता. गावाची बातमी गावात बसून देणारा माणूस ही चैन आहे, एवढाच विचार त्या निर्णयामागे होता. आणि यंत्राची वाट मोकळी होते ती अशाच विचाराने.

आता या उद्घोषकांच्या आवाजाचा प्रश्न पुढे येईल. त्यांची हजारो तासांची ध्वनिमुद्रणे संग्रहात पडून आहेत. त्यांवरून उद्या नवे आवाज घडविले जाणारच नाहीत असे कोणी मानू नये. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रोखली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले. हे योग्यच झाले. पण पाळीच्या मानधनावर जगणारा उद्घोषक मुंबईच्या उच्च न्यायालयात वकील कोठून उभा करणार? त्याचे नाव विकले जाण्याइतके मोठे नाही, म्हणून त्याचा आवाज फुकट, असा हा न्याय होईल. तेव्हा ज्या करारावर तो सही करतो त्याच करारात काही गोष्टी स्पष्ट लिहिल्या गेल्या पाहिजेत. दिलेले ध्वनिमुद्रण यंत्राला शिकविण्यासाठी वापरावयाचे असेल तर त्याची वेगळी संमती आणि वेगळा मोबदला असावा. संमती नाकारली म्हणून पाळ्या कमी होऊ नयेत. यंत्राचा आवाज लावला तर प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी तसे सांगावे आणि त्या मजकुराला जबाबदार असलेल्या माणसाचे नावही सांगावे. आणि रात्री-अपरात्री प्रत्येक केंद्रावर प्रक्षेपण थांबवून बोलण्याचा अधिकार असलेला एक तरी माणूस हजर असावा. उद्घोषकांच्या संघटना आज विखुरलेल्या आहेत, खाजगी केंद्रांत तर त्या जवळजवळ नाहीतच. जुन्या ध्वनिमुद्रणांचे डिजिटल रूपांतर मात्र थांबलेले नाही, आणि करारांचे नवे मसुदे बनविणारे वकीलही रिकामे बसलेले नाहीत.